हिपॅटायटिस सी : 'व्हायरल लोड'चा अहवाल कसा वाचावा?

विदर्भातील घरांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शुक्ला व सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. बौद्ध, आदिवासी आणि इतरही अनेक समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो, हे आज आपण सारे जाणतो. सिकलसेल वा थॅलेसेमियाच्या काही रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते. त्यामुळे रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांविषयी अशा कुटुंबांनी इतरांपेक्षा अधिक सावध असावे लागते. हिपॅटायटिस सी हा त्यांपैकीच एक रोग. पालक आमच्याकडे मुलांचे अहवाल घेऊन येतात, तेव्हा त्यांतील आकड्यांनी ते गोंधळून गेल्याचे दिसते. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे मांडीत आहोत.

या रोगाचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू यकृतात वर्षानुवर्षे राहतो, बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता, आणि हळूहळू यकृत निकामी करतो. त्याविरुद्ध लस नाही. परंतु औषध आहे, आणि ते रोग समूळ बरा करते. बारा आठवडे रोज घ्यावयाच्या गोळ्यांनी शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात. हे बरे होणे सिद्ध करणारी तपासणी म्हणजे विषाणूभाराची, अर्थात 'व्हायरल लोड'ची तपासणी होय.

येथे दोन तपासण्यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. पहिली तपासणी प्रतिपिंडांची. विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि विषाणू नाहीसा झाल्यावरही ती बहुधा आयुष्यभर राहतात. शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीत जसे शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचेही नाव कायम राहते, तसेच हे आहे. तो विद्यार्थी आज वर्गात आहे की नाही, हे कळण्यासाठी हजेरीपत्रकच पाहावे लागते. विषाणूभाराची तपासणी हे ते हजेरीपत्रक. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी सुमारे तीस जणांचे शरीर पहिल्या सहा महिन्यांत औषधाविनाच विषाणूवर मात करते. अशांची प्रतिपिंड तपासणी 'पॉझिटिव्ह' येते, पण त्यांना उपचारांची गरज नसते. म्हणून केवळ पहिल्या अहवालावरून कोणालाही रोगी ठरवू नये.

ही मोजणी होते कशी? कोविडच्या काळात घरोघर पोहोचलेली आरटी-पीसीआर पद्धतच येथे वापरतात. रक्तातील विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या प्रती यंत्रात प्रत्येक फेरीला दुप्पट केल्या जातात. एकाचे दोन, दोनाचे चार, असे करीत तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. मूळ विषाणू जितके जास्त, तितक्या कमी फेऱ्यांत यंत्राला त्यांचा सुगावा लागतो. त्यावरून संख्या काढली जाते. क्षयरोगाच्या तपासणीमुळे परिचित झालेल्या, भारतात विकसित झालेल्या ट्रूनॅट यंत्रावरही ही तपासणी करता येते.

अहवालात आकडा 'आययू प्रति मिलिलिटर' असा येतो. उपचारापूर्वी तो काही हजारांपासून लाखांपर्यंत, कधी कोटीच्या घरातही असू शकतो. त्याखाली पुष्कळदा 'लॉग'चा आकडा असतो. दहा लाख म्हणजे लॉग ६, एक लाख म्हणजे लॉग ५. लॉग एकाने उतरला, तर विषाणू दहापटींनी घटला. मात्र आज चार लाख आणि पुढील महिन्यात सात लाख आले, तर रोग बळावला असे समजण्याचे कारण नाही. एवढा चढउतार स्वाभाविक असतो. आकडा मोठा म्हणजे यकृत अधिक खराब, हाही गैरसमजच. यकृताची अवस्था प्लेटलेटची संख्या, यकृताच्या रक्तचाचण्या, सोनोग्राफी वा फायब्रोस्कॅन यांवरून ठरते.

पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत, आणि औषध लागू पडते की नाही हे पाहण्यासाठी मध्येच वारंवार विषाणूभार मोजावा लागे. आजच्या गोळ्या इतक्या परिणामकारक आहेत, की साध्या रुग्णास दोनच वेळा ही तपासणी पुरते : उपचारापूर्वी एकदा, आणि गोळ्या संपल्यानंतर बारा आठवड्यांनी एकदा. मध्यंतरी कोणी तपासणी केलीच, तर चौथ्या आठवड्यातही 'विषाणू आढळला नाही' असे लिहून येऊ शकते. खरा धोका येथेच आहे. तो अहवाल वाचून गोळ्या थांबविल्या, तर यंत्राच्या मोजमापाखाली दडून राहिलेले थोडे विषाणू पुन्हा वाढतात. औषधाचा दाब उठल्यानंतरही बारा आठवडे विषाणू डोके वर काढीत नाही, तेव्हाच रोग बरा झाला असे वैद्यकशास्त्र मानते. गोळ्या संपताच कामासाठी पुण्या-मुंबईकडे निघून गेलेला तरुण ही शेवटची तपासणी चुकवितो, आणि बरा झालो की नाही हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते. तपासणी तळेगावातच झाली पाहिजे असे नाही. जेथे असाल तेथील शासकीय केंद्रात जुने कागद दाखवून ती करून घ्यावी.

इतिहासाचा एक दाखला बोलका आहे. इजिप्तमध्ये १९५० च्या दशकापासून सुमारे तीस वर्षे एका कृमिजन्य रोगाविरुद्ध इंजेक्शनांची मोहीम चालली. सिरिंजा नीट निर्जंतुक न करता पुनःपुन्हा वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस सी देशभर पसरला. त्याच देशाने २०१८-१९ मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी केली. आधी प्रतिपिंडे, मग विषाणूभार, मग औषध, हाच क्रम तेथे पाळला गेला. आपल्याकडे २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याखाली तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. आपल्या भागातील वाचकांनी आर्वीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय येथे चौकशी करावी.

गोळ्या सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची वा फिट्सची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. त्यांतील काही औषधे या गोळ्यांचा प्रभाव घटवितात. हिपॅटायटिस बी ची तपासणीही आधीच करून घ्यावी. ज्यांचे यकृत आधीच आकसले आहे, त्यांनी बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. बरा झालेला रोग पुन्हा जडू शकतो. तसा संशय आल्यास प्रतिपिंडांची नव्हे, विषाणूभाराचीच तपासणी करावी.

एकत्र जेवल्याने, एका माठातील पाणी प्यायल्याने, शेजारी झोपल्याने हा रोग पसरत नाही. वस्तरा, दातांचा ब्रश, सुई, गोंदण्याचे साहित्य मात्र कोणाशीही वाटून घेऊ नये. वसतिगृहात कोणा मुलाचे ताट वेगळे ठेवण्याचे कारण नाही. स्पर्शाच्या खोट्या भयाने माणसाला पंगतीतून उठविण्याची किंमत आपल्या समाजाइतकी कोणी मोजलेली नाही.

नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत वा विवाहाच्या बोलणीत जुन्या 'पॉझिटिव्ह' शिक्क्यावरून अडवणूक होऊ शकते. अशा वेळी बाराव्या आठवड्यानंतरचा 'विषाणू आढळला नाही' हा अहवालच आपला पुरावा असतो. तो कागद शाळा सोडल्याच्या दाखल्याइतकाच जपून ठेवावा, आणि त्याची एक प्रत घरच्यांच्या हाती द्यावी, ही आमची सर्वांना विनंती आहे.