दाराच्या चौकटीतील प्रयोगशाळा



उन्हाळ्याच्या सुटीतली गोष्ट आहे. एक बाई आपल्या मुलीला घेऊन आमच्या महाविद्यालयात आल्या. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची. आठवीत असताना मोठे आजारपण आले आणि तिची शाळा सुटली, ती सुटलीच. आता प्रकृती बरी होती. पण रोज दोन बस बदलून शाळेला जाणे झेपणारे नव्हते. तेव्हा घरीच अभ्यास करायचा आणि सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसायचे, असे मायलेकींनी ठरवले होते. आई शिवणकाम करतात. शिकवणी लावणे शक्य नव्हते.

मुलीने मला एकच प्रश्न विचारला. "सर, पुस्तकातले सगळे मी वाचते. पण प्रयोग एकही केला नाही. मग मला विज्ञान येते, असे म्हणता येईल का?"

प्रश्न साधा दिसतो, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. घरी शिकणाऱ्या मुलांना सगळे जण पुस्तकांची अडचण विचारतात. खरे पाहता पुस्तकांची अडचण आज सर्वांत लहान आहे. बालभारतीची पहिलीपासून बारावीपर्यंतची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. एनसीईआरटीचीही येतात. १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला, तो मराठी विश्वकोश आज कोणालाही घरबसल्या फुकट वाचता येतो. 'भिंग' किंवा 'लंबक' ही नोंद उघडा. पाठ्यपुस्तकात चार ओळी असतील, तर तेथे चार पाने मिळतील. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर तर मुलांसाठीच्या विज्ञानाच्या पुस्तकांचा ढीगच आहे, त्यात मराठीही आहेत. यांपैकी कशालाही पैसा पडत नाही. आईच्या फोनवर वाचून डोळे दुखत असतील, तर मागच्या वर्षीच्या मुलाकडून किंवा रद्दीवाल्याकडून जुने पाठ्यपुस्तक निम्म्याहून कमी किमतीत घ्यावे. माझे मत विचाराल, तर ते अधिक बरे. फुकट मिळणाऱ्या साहित्याची एक खोड असते. ते फार असते. दहा पुस्तके उतरवून ठेवणारा मुलगा एकही वाचत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पण प्रयोगाचे काय?

मी त्या मुलीला आमच्या प्रयोगशाळेत नेले. लोखंडी घडवंच्या, पितळी गोळे, विराम घड्याळे. ती डोळे विस्फारून पाहत होती. तिला सांगितले नाही, पण तुम्हाला सांगतो. याच प्रयोगशाळेत दरवर्षी लंबकाचा प्रयोग होतो आणि दरवर्षी बहुतेक वह्यांत गुरुत्वत्वरणाचे उत्तर नेमके ९.८ येते. ते लंबकातून येत नाही, शेजारच्या वहीतून येते. पुष्कळदा उत्तर आधी लिहून निरीक्षणे मागाहून 'बसवली' जातात. मी स्वतः बी. एस्सी.ला असताना हेच केले होते, तेव्हा फार रागावण्याचा अधिकार मला नाही.

मी तिला म्हटले, "तुझ्या घरी शिवणकामाचा दोरा आहे, मापाची टेप आहे, फोनमध्ये विराम घड्याळ आहे. एक कुलूप घे आणि दाराच्या चौकटीला लंबक टांग. आठ दिवसांनी वही घेऊन ये. उत्तर काहीही येवो, खोडायचे मात्र नाही."

हा प्रयोग तुम्हीही करू शकता, म्हणून कृती नीट सांगतो. चौकटीच्या वरच्या पट्टीला खिळा मारा आणि जाड, न ताणला जाणारा दोरा बांधून खाली मध्यम आकाराचे कुलूप लटकवा. दोरा सुमारे एक मीटर असू द्या. कुलूप बाजूला आठ-दहा सेंटीमीटरच ओढा आणि धक्का न देता सोडा. झोका मोठा घेतला, तर पुस्तकातले सूत्र लागू पडत नाही. कुलूप मधल्या जागेवरून जाताना घड्याळ चालू करा आणि त्या क्षणी 'शून्य' म्हणा. येथे पुष्कळ जण 'एक' म्हणतात आणि वीसऐवजी एकोणीसच आंदोलने मोजून बसतात! कुलूप त्याच बाजूने पुन्हा मधून गेले की 'एक'. अशा वीस आंदोलनांचा वेळ घ्या. एकाच आंदोलनाचा वेळ घेतला, तर बोट दाबण्यातली चूक सगळी त्या एकावरच पडते. वीस घेतली की ती विसांत वाटली जाते.

सूत्र तुम्हाला ठाऊक आहेच. लांबी मीटरमध्ये घेऊन तिला पायच्या वर्गाच्या चौपटीने, म्हणजे ३९.४८ ने गुणायचे आणि आंदोलनकालाच्या वर्गाने भागायचे, की गुरुत्वत्वरण मिळते.

आठ दिवसांनी मुलगी आली ती हिरमुसलेली. खिळ्यापासून गाठीपर्यंत दोरा ९६ सेंटीमीटर. वीस आंदोलनांना ४०.२ सेकंद, म्हणजे आंदोलनकाल २.०१ सेकंद. गणित केले, तर उत्तर ९.३८. चूक दुरुस्त होईल या आशेने तिने दोरा वरून पन्नास सेंटीमीटर कमी करून पुन्हा मोजले. ४६ सेंटीमीटरला वीस आंदोलनांचे २८.४ सेकंद. उत्तर ९.०१! "सर, माझे आणखीच चुकले," ती म्हणाली.

मला मात्र वही पाहून आनंद झाला. मी तिला विचारले, "तुझी मोजण्यातली चूक वेडीवाकडी असती, तर एकदा उत्तर जास्त आले असते, एकदा कमी. पण येथे दोन्ही वेळा कमी आले आणि लहान दोऱ्याला जास्तच कमी आले. असे कशाने होईल?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दोऱ्यात काहीतरी मोजायचे राहिले असेल. लांब दोऱ्यात ते थोडे वाटेल, आखूड दोऱ्यात जास्त."

वाचकहो, थोडे थांबा आणि काय राहिले असेल, याचा विचार करून पाहा.

तिने दोरा गाठीपर्यंत मोजला होता. पण झोका घेते ते कुलपाचे वस्तुमान आणि त्याचा मध्य गाठीच्या खाली असतो. प्रयोगशाळेतला पितळी गोळा गोल असतो, त्याची त्रिज्या मोजून दोऱ्यात मिळवली की झाले. कुलपाचा गुरुत्वमध्य मात्र कडी, पितळ आणि आतली यंत्रणा यांत कोठेतरी दडलेला. तो टेपने कसा मोजणार?

तो मोजायची गरजच नाही, हीच यातली मौज. तो गाठीखाली कितीही असो, दोन्ही प्रयोगांत तेवढाच आहे. कारण दोरा वरून कमी केला, खालची गाठ हलवली नाही. दोन लांब्यांची वजाबाकी केली की ती अज्ञात लांबी आपोआप निघून जाते. सूत्रात लांबीच्या जागी दोन लांब्यांतला फरक घाला आणि आंदोलनकालाच्या वर्गाच्या जागी दोन वर्गांतला फरक. लांब्यांतला फरक ०.५० मीटर. वर्ग ४.०४ आणि २.०१६, त्यांतला फरक २.०२४. तेव्हा ३९.४८ गुणिले ०.५० भागिले २.०२४ म्हणजे ९.७५.

गुरुत्वत्वरण विषुववृत्तापाशी ९.७८ आणि ध्रुवांपाशी ९.८३ असते, महाराष्ट्रात ते ९.७८ च्या आसपास भरते. पुस्तकातले ९.८ हे सोयीसाठी पूर्ण केलेले. दाराची चौकट, दोरा आणि कुलूप यांनी काढलेले उत्तर त्यापासून तीन-चार हजारांशांवर आले. शिवाय गाठीखालचा तो अज्ञात तुकडा सुमारे चार सेंटीमीटर, हेही आता उलट काढता येते. कसे ते तुम्हीच पाहा.

आता तुम्ही म्हणाल, फोनवरच लंबक हलवता येतो, मग खिळा कशाला मारायचा? येतो खरा. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिकविजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली फेट नावाचा प्रकल्प सुरू केला. लंबक, विद्युत् मंडल, भिंगे यांची हलती चित्रे त्यात विनामूल्य मिळतात, काही मराठीतूनही. चंद्रावर लंबक कसा हलेल, हे तुमच्या चौकटीत दिसणार नाही, तेथे दिसते. विद्युत् मंडलाची चित्रे तर मी वर्गातही वापरतो. पण त्या लंबकाला गाठ नाही, कुलूप नाही आणि तुमचे बोट उशिरा दाबले जाण्याची भीतीही फारशी नाही. चार सेंटीमीटर कोठे हरवले, हा प्रश्न तो तुम्हाला कधीच विचारणार नाही.

घरच्या वस्तूंनी प्रयोग करणे ही गरिबाची तडजोड आहे, असे समजण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांतील शाळांच्या प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाल्या. त्या देशांतील शिक्षकांसाठी युनेस्कोने १९४८ साली एक छोटे पुस्तक काढले. डबे, बाटल्या, तारा यांतून उपकरणे कशी करावीत, हे त्यात होते. तेच वाढवून १९५६ साली विज्ञान शिक्षकांसाठीचा मोठा साधनग्रंथ झाला. तो युनेस्कोच्या अंकीय ग्रंथालयात आजही फुकट वाचायला मिळतो. इंग्रजीत आहे, पण चित्रे भरपूर आहेत. आपल्याकडे १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, सोळा शाळांतून 'करून शिकण्याचा' विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. अरविंद गुप्ता त्यात दाखल झाले, ते पुण्यातील मोटारीच्या कारखान्यातून रजा घेऊन. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या केल्या. आगपेटी आणि वीतभर नळी घेऊन आजच एक त्रिकोण आणि एक चौकोन करा. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पुलांच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे मग कोणी सांगावे लागत नाही.

त्या मुलीला मी पुढचा प्रयोग दिला तो सूर्याचा. लहान आरसा काळ्या कागदाने झाकावा आणि कागदाला मध्ये पाच मिलिमीटरचे भोक ठेवावे. आरसा उन्हात पक्का टेकवून कवडसा अंधाऱ्या खोलीत पाडावा. सूर्याकडे किंवा आरशातल्या त्याच्या प्रतिबिंबाकडे थेट पाहायचे नाही, हे पुन्हा पुन्हा सांगतो. फक्त पुठ्ठ्यावरची चकती पाहायची. पुठ्ठा किरणांना काटकोनात धरला, तर चकती गोल दिसते. आरशापासून चार मीटरवर चकती ४.२ सेंटीमीटरची भरली, दहा मीटरवर ९.८ ची. मापे चटकन घ्यावी लागतात, कारण चकती सुमारे दोन मिनिटांत आपल्या व्यासाइतकी सरकते. पृथ्वी फिरते, ती अशी हाताखाली जाणवते.

चकतीत भोकाची रुंदीही मिसळलेली असते. ती कशी काढायची? मुलीने मला विचारलेसुद्धा नाही. तिने सरळ वजाबाकी केली. ६०० सेंटीमीटरला ५.६ सेंटीमीटर, म्हणजे सूर्याचा व्यास त्याच्या अंतराच्या १०७ व्या भागाइतका. अंतर १५ कोटी किलोमीटर धरले, तर व्यास १४ लाख किलोमीटर. स्वीकृत आकडा सुमारे १३ लाख ९० हजार आहे.

शिक्षकांना एक विनंती. तुमच्या गावात असे घरी शिकणारे मूल असेल, तर त्याला शाळेच्या कपाटातली उपकरणे दिली नाहीत तरी चालेल. आठवड्यातून एकदा त्याची वही तेवढी पाहा. ९.०१ या आकड्यात दोष नसून खूण आहे, हे सांगणारे माणूस घरी मिळत नाही आणि ते कोठून उतरवूनही घेता येत नाही.

मागच्या महिन्यात ती मुलगी पुन्हा आली होती. त्यांच्या वाडीतल्या देवळाच्या सभामंडपात उंच तुळईला एक लामणदिवा टांगलेला आहे. वाऱ्याने तो हळूहळू हलत होता. तिने खाली उभे राहून त्याची दहा आंदोलने मोजली. ३६ सेकंद लागले. गुरुत्वत्वरण आता ठाऊक आहे. मग शिडी न लावता तुळईपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची लांबी किती? तुम्हीही वहीत काढून पाहा. नंतर पुजारीकाकांनी शिडीवर चढून टेप लावली, तेव्हा तिच्या उत्तरात आणि टेपेत चार बोटांचा फरक निघाला. तो कोठून आला, हे ती सध्या शोधते आहे.