बाळाच्या गाडीला शब्दांचे डबे जोडा!

मनमाडला रुळांच्या कडेने वस्त्या आहेत. तिथल्या लेकराला घड्याळ कळण्याच्या आधी गाडी कळते. भिंत थरथरली की दोन वर्षांचे पोर खेळ टाकून दाराकडे धावते आणि बोट दाखवून ओरडते, ‘गाडी!’ त्याला हा शब्द कोणी फळ्यावर लिहून शिकविलेला नसतो. तो त्याने डोळ्यांनी, कानांनी आणि पायाखालच्या जमिनीतून शिकलेला असतो.

मध्यंतरी अशाच एका वस्तीत रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गँगमन काकांकडे आम्ही गेलो होतो. त्यांची तीन वर्षांची नात घरात चुरूचुरू बोलत होती. मात्र आजीने सांगितले, ‘वकीलसाहेब, बालवाडीत ही तोंडच उघडत नाही.’ कारण विचारले. तेव्हा कळले, की पहिल्याच आठवड्यात तिने ‘पटरीवर गाडी’ असे म्हटले. बाईंनी सगळ्यांसमोर दटावले, ‘पटरी नाही, रूळ म्हणायचे!’ पोरे हसली आणि पोरगी गप्प झाली.

आम्ही विचारतो, ‘पटरी’ या शब्दाने कोणता गुन्हा केला? तो तिच्या आजोबांचा शब्द आहे. ज्या पटरीवर आजोबांनी उन्हापावसात पस्तीस वर्षे हातोडा मारला, त्या पटरीचे नाव लेकीने घेतले तर ती चूक कशी? ‘रूळ’ हा शब्द तिला यायलाच हवा, पण तो पटरीच्या जोडीला यावा. बाईंनी एवढेच म्हणायचे होते, ‘हो ग बाळा, पटरीवर गाडी आली. पटरीला रूळसुद्धा म्हणतात.’ एका डब्याला दुसरा डबा जोडला असता आणि गाडी पुढे गेली असती. इथे डबा जोडण्याऐवजी इंजिनच बंद पाडले गेले.

त्याच दुपारी आम्ही काकांना कामाला लावले. घरात काय सापडले? चार रिकाम्या काडेपेट्या, टूथपेस्टचा एक खोका, सुतळी, वहीचा पुठ्ठा आणि थोडी कणकेची खळ. टूथपेस्टचा खोका झाला इंजिन आणि काडेपेट्या झाल्या डबे. पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापून चाके केली. जमिनीवर खडूने दोन समांतर रेघा ओढल्या, झाले रूळ! पाटावर फलाट झाला आणि वाकवलेल्या पुठ्ठ्याचा बोगदा झाला. खर्च शून्य.

मग खेळ सुरू झाला. मनमाडला एका डब्यात धान्याचे चार दाणे भरले, कारण इथे धान्याची मोठी गोदामे आहेत. लासलगावला कांद्याची पात चढली. निफाडला द्राक्षे नव्हती, तर मनुके चढले. नाशिकरोडला नोटा छापतात म्हणून कागदाचा तुकडा ठेवला. देवळाली मागे टाकून गाडी इगतपुरीला आली, घाट उतरली आणि परतताना तोच घाट चढायची वेळ आली. इंजिन एकट्याने ओढेना, तेव्हा काका म्हणाले, ‘आता मागून ढकलायला दुसरे इंजिन लावू.’ पोरीने लगेच आपला हात मागे लावला आणि म्हणाली, ‘मी ढकलते!’

वाचकांनी हिशोब करावा. तासाभरात त्या लेकराच्या कानावर किती शब्द पडले? भरणे, उतरवणे, ओढणे, ढकलणे, जोडणे, सुटणे. पुढे, मागे, मध्ये, आत, खाली. रिकामा, भरलेला, जड, हलका. शिवाय काकांच्या पोतडीतले खडी, सांधा, बावटा, सांधेवाला. हे शब्द तिने घोकले नाहीत, हाताने केले. लेकरू ज्या वस्तूकडे पाहत असते, त्याच क्षणी तिचे नाव कानी पडले तर ते लवकर रुजते. पोर ‘गाडी’ म्हणाले, तर आपण म्हणावे, ‘हो, मालगाडी आली, लांबलचक मालगाडी!’ आणि मग थांबावे. त्याला उत्तर द्यायला वेळ द्यावा. ‘हे काय? ते काय?’ अशी उलटतपासणी घेऊ नये. उलटतपासणीने भलेभले साक्षीदार गप्प होतात हे आम्ही रोज कोर्टात पाहतो, मग तीन वर्षांच्या पोराची काय कथा!

दोन गोष्टी मात्र बजावून सांगतो. बटणे, मणी, बाटलीची झाकणे अशा गिळता येणाऱ्या वस्तू या वयात हाती देऊ नयेत. दाणे-मनुके भरतानाही जवळ बसून लक्ष ठेवावे. आणि खेळातले रूळ अंगणात असावेत. खरे रूळ ही खेळाची जागा नव्हे, हेही याच खेळात शिकवावे. लाल बावटा म्हणजे थांब!

यात नवीन काही नाही. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला हेच केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची आणि खडे, बिया, पाने, शिंपले हेच शिकण्याचे साहित्य मानायचे. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला. आज अंगण गेले आणि तक्ता राहिला, ही आमची तक्रार आहे.

आता कायद्याचे बोलू. संविधानाच्या मूळ कलम 45 मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व होते. वयाची खालची मर्यादा त्यात नव्हती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयाला कलम 21अ खाली मूलभूत हक्क दिला, हे चांगलेच झाले. पण सहाच्या आतले लेकरू पुन्हा मार्गदर्शक तत्त्वातच राहिले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम 11 तीन ते सहा वयाबद्दल काय म्हणते? सरकार आवश्यक ती व्यवस्था ‘करू शकेल’. ‘करील’ असे म्हणत नाही! वकिलाला या दोन शब्दांतले अंतर ठाऊक असते. श्रीमंताचे पोर हे अंतर नर्सरीची फी भरून ओलांडते. आपले पोर सहाव्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसते, तोवर गाडी दोन स्टेशने पुढे गेलेली असते.

याच मनमाडला 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. आपला माणूस गँगमनच राहतो आणि त्याला पोर्टरची साधी जागाही मिळत नाही, हे दुखणे त्यांनी तिथे मांडले. स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेई, म्हणून अस्पृश्य तिथे नको होता. त्या गँगमनच्या चौथ्या पिढीला आज कोणी फलाटावरून हाकलत नाही. पण ती वर्गात एका शब्दापायी गप्प बसत असेल, तर आपण सावध व्हायला हवे. ‘शिका’ हा आदेश सहाव्या वर्षी सुरू होत नाही.

म्हणून समाजबांधवांनो, दोन कामे करा. अंगणवाडीत जा, लेकरे काय खेळतात ते पाहा, तिथल्या सेविकेशी आदराने बोला आणि सरकारकडे तिच्यासाठी साहित्य व प्रशिक्षण मागा. आणि रविवारी समाजमंदिरात रिकाम्या काडेपेट्या घेऊन पोरांना जमवा. वस्तीतला गँगमन, हमाल, गवंडी, सफाई कामगार यांना पोरांच्या मध्ये बसवा. शब्दांचे भांडार त्यांच्यापाशी आहे. त्यांना आजवर कोणी गुरुजी म्हटले नाही, एवढेच.

आम्ही निघालो तेव्हा ती पोरगी आजोबांना दटावत होती, ‘बाबा, पटरी नीट करा, रूळ वाकडा झालाय!’ दोन्ही शब्द तिच्या तोंडात होते. एकाने दुसऱ्याला हाकलले नव्हते.