‘उर्वरित’ म्हणजे कोण?

सरकारी कागदातला एखादा शब्द माणसाला कायमचा चिकटतो. आम्हा खानदेशकरांना चिकटलेला शब्द आहे ‘उर्वरित’. आमच्या घरात उर्दू, गल्लीत अहिराणी आणि शाळेत मराठी. तिन्ही भाषांत मी त्याचा अर्थ शोधला. एकच हाती लागला : बाकी. भागाकार झाल्यावर खाली उरते ती.

राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नुसार १९९४ साली तीन वैधानिक विकास मंडळं स्थापन झाली : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. मागास भागाला निधीचा न्याय्य वाटा मिळावा, ही जबाबदारी राज्यपालांवर. हेतू चांगलाच होता. पण तिसऱ्या पंगतीत मुंबई-पुण्याच्या शेजारी आमचे धुळे-जळगावही बसले.

श्रोतेहो, सरासरीचं गणित बघा. एका घरात चार भाकरी, दुसऱ्या घरात एकही नाही. सरासरी दोन. कागदावर दोन्ही घरं जेवली!

१९८४ मध्ये दांडेकर समितीनं ‘अनुशेष’ मोजला. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका मागे, तितका त्याचा अनुशेष. एकूण आकडा सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यातला जवळजवळ ३७ टक्के अनुशेष ‘उर्वरित’चाच होता. म्हणजे हा भाग सगळा सुखवस्तू होता, असं नाही.

जिल्ह्याच्या आतही तेच. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावलच्या केळीबागा. इकडे अमळनेर-पारोळ्यात कोरडवाहू कापूस. दोन्ही मिळून जळगावची सरासरी. अमळनेर तालुक्यात तापीवरचं पाडळसे धरण १९९० च्या दशकात मंजूर झालं आणि पुढची दोन दशकं अपुरंच राहिलं. धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्याच्या कडेनं तापी वाहते, पण शिवारं तहानलेली. सुलवाडे-जामफळ उपसा योजनेचं भूमिपूजन झालं ते २०१९ साली. नदी डोळ्यांसमोर आणि पाणी कागदावर, अशा गावातली तरुण पोरं मग सुरतेची गाडी धरतात. शेत म्हाताऱ्यांच्या हाती उरतं, शाळेचा पट घटतो.

२०१३ मध्ये केळकर समितीनं आपला अहवाल दिला. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. विदर्भ-मराठवाड्याच्या मंडळांसाठी आवाज उठला, तसा उठायलाच हवा. आमच्या मंडळासाठी मात्र कुणी फारसं हळहळलं नाही. ‘उर्वरित’ हे कुणाचं गाव नसतं, मग त्याचा अभिमान कोण बाळगणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच : मोजमाप तालुक्याचं, जमल्यास गावाचं करा. जिल्ह्याचा आराखडा जिल्हा नियोजन समितीपुढे येतो. तो येईल तेव्हा आपल्या सदस्याला विचारा, यात माझ्या तालुक्याच्या पाण्याला किती? उत्तरात सरासरी सांगितली, तर ऐकून घ्या आणि पुन्हा विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)