आईची साखर, बाळाचे इन्सुलिन

‘आता तू दोन जिवांची, दोघांचे जेवायला हवे,’ हा उपदेश गर्भवतीला सासर-माहेर दोन्हीकडून ऐकावा लागतो. कष्टाच्या आणि अर्धपोटी राहण्याच्या काळात त्यामागे शहाणपण होते. शहरातील बैठ्या जीवनात मात्र हाच लाड अंगाशी येतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार गर्भारपणी रोज सुमारे ३५० उष्मांकच जास्त लागतात. एक पोळी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध एवढ्यावर ही गरज भागते.

गर्भारपण हा मुळातच संप्रेरकांच्या उलथापालथीचा काळ. गर्भाला पोसणारी वार ही स्वतः एक ग्रंथीच असते. तिच्यातून स्रवणाऱ्या प्लॅसेंटल लॅक्टोजेनसारख्या संप्रेरकांमुळे आईच्या पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत. त्यामुळे आईच्या रक्तात साखर अधिक वेळ टिकते आणि ती गर्भाला मिळते. निसर्गाची ही योजना बाळाच्या हिताचीच आहे. निरोगी स्त्रीचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करून तोल सांभाळते. स्थूल स्त्रीच्या, किंवा पीसीओएस असलेल्या अनेक स्त्रियांच्या शरीरात मात्र इन्सुलिनला होणारा विरोध गर्भधारणेपूर्वीच सुरू झालेला असतो. त्यात वारेच्या संप्रेरकांची भर पडली, की स्वादुपिंड थकते आणि गर्भारपणातील मधुमेह उद्भवतो. स्थूलतेमुळे गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोकाही बळावतो.

याचा गर्भावर काय परिणाम होतो, याचे उत्तर डॅनिश वैद्य यॉर्गेन पेडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात मांडले. साखर वारेतून पलीकडे जाते, आईचे इन्सुलिन जात नाही. जादा साखर हाताळण्यासाठी गर्भाचे स्वादुपिंड स्वतःच भरपूर इन्सुलिन स्रवू लागते आणि इन्सुलिन हे गर्भासाठी वाढीचे संप्रेरक. बाळ अंगाने भरते, मेद साठतो, प्रसूतीत खांदा अडकण्याची भीती राहते. जन्मानंतर नाळ कापताच आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाच्या रक्तातील इन्सुलिन तेवढेच असते. म्हणूनच गुटगुटीत दिसणाऱ्या अशा नवजाताची साखर पहिल्या काही तासांत धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

बाळ लहानखुरे असले म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजातांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. २००३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्या बाळांचे ३.५ किलो. स्नायू आणि पोटातील अवयव लहान, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. या बाळांच्या माता स्थूल नव्हत्या, उलट कृशच होत्या. अशा जडणघडणीच्या मुली शहरात येऊन वजन वाढवतात आणि माता होतात, तेव्हा पुढच्या पिढीच्या वाट्याला साखरेचा भार येतो. भारतीयांसाठी स्थूलतेची सीमा बीएमआय ३० ऐवजी २५ वर आणण्यामागे चरबीची हीच प्रवृत्ती आहे.

काही हानी तर तपासणीला जाण्याआधीच होऊन गेलेली असते. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याअखेर मिटते. आईच्या स्थूलतेत ती उघडी राहण्याचा धोका अधिक, म्हणून फॉलिक आम्ल गर्भधारणेपूर्वीच सुरू करावे लागते. थायरॉईडचेही तसेच. पहिल्या काही महिन्यांत गर्भाच्या मेंदूची भिस्त आईच्याच थायरॉक्सिनवर असते.

वजन उतरवायचे ते दिवस राहण्यापूर्वी. गर्भारपणात उपासमार करून ते घटवू पाहणे घातक. साखरेची चाचणी मात्र सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर म्हणजे गर्भारपणातील मधुमेह. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ही चाचणी करायची असते. मधुमेह आढळलेल्या स्त्रीने प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ती पुन्हा करून घ्यायची असते, कारण तिला पुढे कायमचा मधुमेह जडण्याची शक्यता मोठी. नेमक्या याच दिवसांत घरात बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळले जात असतात, सगळ्यांचे लक्ष पाळण्याकडे असते आणि आईची तपासणी राहून जाते.