प्रयोगाविना संशोधन : वर्णनात्मक पद्धतींचे बळ व मर्यादा

प्रायोगिक संशोधनात संशोधक एखादा घटक स्वतः बदलतो व त्याचा परिणाम मोजतो. परंतु मानवी जीवनातील अनेक प्रश्नांवर प्रयोग करता येत नाही. बेकारीचा मनावर होणारा परिणाम पाहण्यासाठी कोणाचीही रोजी हिरावून घेता येत नाही. अशा वेळी निरीक्षण, मुलाखत, प्रश्नावली, व्यक्ती-अभ्यास व उपलब्ध नोंदी या वर्णनात्मक पद्धती उपयोगी पडतात.

ऑस्ट्रियातील व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावाचा अभ्यास हे याचे उत्तम उदाहरण होय. मेरी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइसेल यांचा हा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. कापड गिरणी बंद पडल्याने जवळजवळ सारे गाव बेकार झाले होते. संशोधकांनी रस्त्यावरील माणसांच्या चालण्याची गती मोजली. पुरुष स्त्रियांपेक्षा सावकाश चालत व वाटेत अधिक वेळा थांबत. वाचनालयातील पुस्तके विनाशुल्क झाली, तरी ती नेणाऱ्यांचे प्रमाण घटले. दिवस कसा गेला, हे अनेक पुरुषांना नीट सांगताही येईना. वेगवेगळ्या मार्गांनी मिळालेली ही माहिती एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होती : हाती वेळ भरपूर होता, पण उमेद संपली होती.

या पद्धतींची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. त्या ‘काय आहे’ हे सांगतात; ‘कशामुळे’ हे सिद्ध करीत नाहीत. समजा, महाविद्यालयात गैरहजेरी व कमी गुण यांत सहसंबंध आढळला. गैरहजेरीमुळे गुण घटले असतील, किंवा अपयशामुळे विद्यार्थी वर्गात येणे टाळत असेल, किंवा घर चालवण्यासाठी करावे लागणारे काम या दोहोंच्या मुळाशी असेल. आकडे तेच, पण उपाय मात्र तीन प्रकारचे. अशा वेळी ‘विद्यार्थी आळशी आहेत’ असे म्हणणे हा निष्कर्ष नसून केवळ शिक्का ठरतो, आणि तो बसला की मुलाचे शिक्षण सुटण्यास वेळ लागत नाही.

म्हणून शिक्षक-संशोधकाने हजेरीपट व ग्रंथालयाची नोंदवही यांना विद्यार्थ्यांच्या मुलाखतीची जोड द्यावी, पाहिलेले व अनुमानिलेले वेगळे लिहावे. मारिएन्थालच्या संशोधकांनी आणखी एक नियम पाळला होता. गावात केवळ निरीक्षक म्हणून न वावरता त्यांनी कपडेवाटप, वैद्यकीय तपासणी अशी गावाच्या उपयोगाची कामे केली. ज्यांच्याकडून माहिती घ्यावयाची, त्यांच्या पदरी काही पडले पाहिजे, हे भान वर्गातील संशोधनातही तितकेच आवश्यक आहे.