क्लचचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजू नका

मॅन्युअल गाडीचा मूळ क्लच किती टिकतो? कोणी 60 हजार किलोमीटर सांगतो, कोणी दीड लाख, आणि दोघंही खरं बोलत असतात. कारण क्लच प्लेट झिजते ती फक्त घसरताना. पेडल पूर्ण सोडलं की प्लेट आणि फ्लायव्हील एकाच वेगाने फिरतात, घर्षण उरतच नाही. दशहरी आंब्यांच्या मलिहाबादचंच बघा. लखनौहून हरदोई रस्त्याने जाताना जमीन सपाट. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये धावणाऱ्या गाडीचा क्लच जवळजवळ झिजत नाही. पण जूनमध्ये आंबा उतरला, की क्रेट लादलेली पिकअप मंडीच्या रांगेत हातहात पुढे सरकते. अंतर नगण्य, पण प्रत्येक वेळी वजनासकट गाडी उचलायची ती घसरणाऱ्या प्लेटनेच. माझ्या मते खरं माप आहे गाडी किती वेळा जागेवरून उचलली ते.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे घाट. सपाटीवर ठीक, खंडाळ्यात काय? तर नुसत्या चढाने क्लच जळत नाही. चढावर थांबून हँडब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी तोलून धरल्याने जळतो. दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे: क्रँकशाफ्टचं मागचं सील गळून प्लेटवर ऑइल आलं, तर उत्तम चालकाचाही क्लच जातो. म्हणून जुनी गाडी घेताना नुसत्या ओडोमीटरवर विसंबू नका. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग मात्र वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे.