चामखिळीवरील उपचारांचा तौलनिक विचार

चामखीळ हा विकार क्षुल्लक मानला जातो. परंतु तिच्यावर केले जाणारे उपाय पुष्कळदा क्षुल्लक नसतात. पंचगंगाकाठच्या कुरुंदवाडसारख्या शेतीप्रधान गावी पाटाच्या पाण्यात व चिखलात काम करणाऱ्यांचे हातपाय तासन्‌तास ओले राहतात. अशा मऊ पडलेल्या वा खरचटलेल्या त्वचेत मानवी पॅपिलोमा विषाणूचा शिरकाव सुलभ होतो व वरच्या थरातील पेशी वाढून खडबडीत उंचवटा तयार होतो. या विकाराचे मूळ विषाणूत आहे, हे इटलीतील चुफो यांनी १९०७ साली दाखविले.

सुश्रुतसंहितेत 'चर्मकील' शस्त्राने काढून क्षाराने वा अग्नीने जाळण्यास सांगितले आहे. खेड्यापाड्यांतून घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधणे, चुना लावणे, बिब्ब्याचा चटका देणे हे उपाय रूढ आहेत. या सर्वांमागील तत्त्व एकच, ते म्हणजे उंचवट्याचा नाश. परंतु विषाणू भोवतालच्या त्वचेत शिल्लक राहू शकतो आणि चामखीळ पुन्हा उद्भवते. शिवाय बिब्ब्याच्या तेलाने त्वचा भाजून फोड व व्रण होतात.

मग अशा उपायांनी गुण आल्याचे लोक का सांगतात? १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या सुमारे दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप नाहीशा झाल्याचे आढळले. शरीराची प्रतिकारशक्ती जे काम करते, त्याचे श्रेय शेवटी केलेल्या उपायास मिळते. म्हणूनच उपचार न केलेल्या रुग्णांशी तुलना केल्यावाचून कोणत्याही औषधाची खरी किंमत ठरत नाही.

अशी तुलना नेदरलँड्समध्ये झाली व २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत २५० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागणी केली होती. तेरा आठवड्यांनी साध्या चामखिळी बऱ्या झालेल्यांचे प्रमाण द्रव नायट्रोजनने गोठविलेल्या गटात शेकडा ४९, सॅलिसिलिक आम्लाच्या गटात १५ व नुसती वाट पाहिलेल्या गटात ८ होते. तळपायाच्या चामखिळींत मात्र तिन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. उलटपक्षी, २०१२ सालच्या कॉक्रेन समीक्षेत ८५ चाचण्या एकत्र पाहता सॅलिसिलिक आम्लाचा माफक पण निश्चित लाभ दिसला. गोठविण्याचा लाभ तितका निश्चित ठरला नाही.

द्रव नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी त्याची पात्रे गावोगावी येत असली, तरी अननुभवी हाती त्याचा वापर धोक्याचा होय. सॅलिसिलिक आम्ल स्वस्त व घरी लावण्याजोगे आहे. परंतु ते काही आठवडे नियमाने लावावे लागते आणि चेहरा व जननेंद्रिये येथे लावू नये. मधुमेह्यांनी पायावरील चामखिळीस स्वतः हात लावू नये. उतारवयात नव्याने उद्भवलेली, रक्त येणारी वा झपाट्याने वाढणारी गाठ चामखीळ समजून जाळल्यास त्वचेचा कर्करोग दृष्टिआड होण्याचा संभव असतो. तेथे वैद्यकीय तपासणी अगोदर व्हावयास हवी.

सारांश, खात्रीचा उपचार अद्याप नाही. जो विकार बहुधा आपोआप बरा होतो, त्यासाठी कायमचा व्रण पत्करणे हा तोट्याचा व्यवहार होय.